मोटारीच्या वेगमापकाची अचूकता आणि अंशांकन : एक विवेचन

सारांश

मोटारीतील वेगमापक, म्हणजे रूढ शब्दात स्पीडोमीटर, वाहनाचा वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि चाकाचा परीघ गृहीत धरून त्यावरून वेग ठरवितो. परीघाविषयीचे गृहीतक बदलले की दर्शविलेला वेग आणि खरा वेग यांत अंतर पडते. प्रस्तुत लेखात वेगमापकाच्या कार्यामागील भौतिक तत्त्व, त्यातील त्रुटीची कारणे, त्रुटीविषयीची मानके, कायद्यातील स्थान आणि महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोगी सोपी पडताळणी यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : वेगमापक, अंशांकन, टायरचा परीघ, आवर्त प्रवाह, वेगमर्यादा.

प्रस्तावना

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात चिखली–खामगाव मार्गावर वसलेले गाव आहे. या परिसरातील वाहतूक दीर्घकाळ दुपदरी रस्त्यांवरची होती. अशा रस्त्यावर बैलगाडी, ट्रॅक्टर, एस.टी. आणि दुचाकी यांच्या गर्दीत ताशी ६० किलोमीटरच्या पुढे काटा नेण्याचा प्रसंग क्वचितच येई. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. हा मार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. परिणामी, काल दुपदरी रस्त्यावर चालणारी मोटार आज ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या मार्गावर धावू लागली आहे.

याच जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर खासगी बसला झालेल्या अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु द्रुतगती मार्गावर वेगाविषयीचे भान किती महत्त्वाचे आहे, याची जाणीव जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबास त्या घटनेने करून दिली. वेगाचे हे भान चालकाला मुख्यतः एकाच साधनाकडून मिळते, ते म्हणजे समोरचा वेगमापक. तो कितपत विश्वसनीय आहे आणि त्याची विश्वसनीयता कोण तपासतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

वेगमापकाचे कार्य : यांत्रिक रचना

वेगमापकाच्या पारंपरिक रचनेचे पेटंट जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे याने १९०२ मध्ये घेतले. पुढे जवळजवळ संपूर्ण विसाव्या शतकात जगभरातील मोटारींमध्ये हीच रचना वापरात राहिली. गिअरबॉक्समधून निघणारी एक लवचीक केबल वाहनाच्या चाकांच्या प्रमाणात फिरते. दुचाकीमध्ये ही केबल बहुधा पुढच्या चाकातून काढलेली असते. केबलच्या दुसऱ्या टोकाला एक चुंबक बसविलेला असतो. त्याच्या भोवती, परंतु त्याला स्पर्श न करणारी, ॲल्युमिनियमची एक वाटी असते आणि त्या वाटीच्या दांड्यावर काटा बसविलेला असतो.

ॲल्युमिनियमला चुंबक एरवी आकर्षित करीत नाही. परंतु चुंबक फिरू लागताच वाटीतील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि तिच्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांमुळे वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. ही ओढ चुंबकाच्या फिरण्याच्या गतीच्या प्रमाणात असते. वाटीला मागे खेचणारी एक बारीक सर्पिल कमान दांड्याला जोडलेली असते. कमानीचा विरोध काटा जितक्या अंशांतून वळतो त्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बलांचा तोल जेथे साधतो तेथे काटा स्थिर होतो. पदवी वर्गात शिकविला जाणारा फॅरेडेचा नियम आणि हूकचा नियम असे या छोट्याशा पेटीत एकत्र नांदतात.

या रचनेतील दोषही तिच्या तत्त्वातूनच समजून घेता येतात. कालांतराने चुंबक क्षीण झाला तर ओढ कमी होते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. कमान सैल झाली तर तो जास्त वेग दाखवितो. केबलमधील वंगण सुकले तर काटा थरथरतो. केबल तुटली तर काटा शून्यावर पडून राहतो. ग्रामीण भागातील जुन्या दुचाकींमध्ये हा शेवटचा प्रकार सर्रास आढळतो आणि वाहन चालते म्हणून त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते.

इलेक्ट्रॉनिक रचना

अलीकडील मोटारींमध्ये केबल नाही. गिअरबॉक्सवर किंवा प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसविलेला असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्याचा प्रत्येक दात त्याच्यासमोरून जाताना एक विद्युत स्पंद निर्माण होतो. ब्रेक लावताना चाके लॉक होऊ नयेत यासाठी असलेली एबीएस यंत्रणाही हेच स्पंद वापरते. ठराविक काळात किती स्पंद आले हे वाहनातील संगणक मोजतो, त्यास एका स्थिरांकाने गुणतो आणि येणारे उत्तर काट्याने किंवा अंकांत दर्शवितो.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक रचनेत फेऱ्यांची मोजणी अत्यंत काटेकोर असते. त्यामुळे अंकांत दिसणारा वेगही काटेकोर असलाच पाहिजे, असा समज होतो. वस्तुतः स्थिरांकामध्ये टायरचा परीघ गृहीत धरलेला असतो. संगणकास फेरे माहीत असतात, परंतु रस्त्यावर आज असलेल्या टायरचा परीघ माहीत नसतो. वेगमापक यांत्रिक असो वा इलेक्ट्रॉनिक, त्रुटीचे मुख्य उगमस्थान रस्त्याला टेकलेल्या रबरात आहे.

टायर आणि त्रुटी : काही आकडेमोड

टायरच्या बाजूवर १५५/८० आर १३ अशी अक्षरे असतात. यातील १५५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ८० ही रुंदीच्या तुलनेत टायरच्या भिंतीच्या उंचीची टक्केवारी आणि १३ हा रिमचा इंचांतील व्यास होय. यावरून व्यास काढता येतो. रिमचे १३ इंच म्हणजे ३३०.२ मि.मी. भिंतीची उंची १५५ च्या ८० टक्के म्हणजे १२४ मि.मी. आणि ती वर-खाली दोनदा धरल्यास २४८ मि.मी. एकूण व्यास ५७८.२ मि.मी. आणि परीघ सुमारे १.८१६ मीटर. म्हणजे एक किलोमीटरमध्ये चाकाचे सुमारे ५५० फेरे होतात. वाहनाच्या भाराने टायर किंचित दबत असल्यामुळे प्रत्यक्षात फेरे थोडे अधिक होतात. तथापि तुलनेसाठी ही आकडेमोड पुरेशी आहे.

आता तीन स्थिती पाहू.

पहिली स्थिती झिजलेल्या टायरची. नव्या टायरच्या खाचांची खोली साधारणतः ८ मि.मी. असते आणि १.६ मि.मी. ही मोटारीच्या टायरची किमान मर्यादा मानली जाते. या मर्यादेपर्यंत झिजल्यावर व्यास १२.८ मि.मी. ने घटतो, म्हणजे सुमारे २.२ टक्के. लहान झालेले चाक त्याच अंतरासाठी अधिक फेरे घेते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवितो. काटा १०० वर असताना खरा वेग सुमारे ९७.८ असतो.

दुसरी स्थिती योग्य पर्यायी टायरची. १७५/७० आर १३ या टायरचा व्यास ५७५.२ मि.मी. येतो. फरक अर्ध्या टक्क्याचा आहे. टायर रुंद झाला, परंतु भिंत त्या प्रमाणात बुटकी असल्यामुळे वेगमापकावर नगण्य परिणाम होतो.

तिसरी स्थिती मोठ्या टायरची. वाहन उंच दिसावे, खड्ड्यांत तळ घासू नये किंवा शोभा वाढावी म्हणून अनेकजण रिमसह मोठा टायर बसवितात. १६५/८० आर १४ या टायरचा व्यास ६१९.६ मि.मी. होतो. हा मूळ व्यासापेक्षा ७.२ टक्के अधिक आहे. वेगमापक मुळात तंतोतंत असेल तर काटा १२० वर असताना वाहन ताशी सुमारे १२८.६ किलोमीटर वेगाने धावत असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ही ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होते आणि ब्रेकला तेवढे अधिक कार्य करावे लागते. चालकाच्या मते मात्र तो मर्यादेतच असतो.

पहिल्या व तिसऱ्या स्थितीतील भेद महत्त्वाचा आहे. झिजेमुळे होणारी त्रुटी वेगाच्या बाबतीत सुरक्षित बाजूची आहे, जरी झिजलेला टायर स्वतः धोकादायक असला तरी. मोठ्या टायरमुळे होणारी त्रुटी असुरक्षित बाजूची आहे. टायरमधील हवा कमी असल्यासही काटा किंचित जास्त दाखवितो. परंतु रेडियल टायरमध्ये पट्ट्याचा परीघ जवळपास कायम राहत असल्याने हा परिणाम अल्प असतो.

मानके : काटा जास्त दाखवतो तो का?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार वाहनास वेगमापक असणे आवश्यक आहे आणि त्याच्या मूल्यमापनाची पद्धत भारतीय मानक ११८२७ मध्ये दिलेली आहे. नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याच्या प्रतिरूपाची तपासणी अधिकृत संस्थांकडून होते. पुणे येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, पुण्यातीलच सीआयआरटी आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील व्हीआरडीई या अशा संस्था महाराष्ट्रातच आहेत.

त्रुटीची मर्यादा समजून घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ उपयुक्त ठरतो. त्याचे सूत्र असे : दर्शविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये, आणि तो खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ कि.मी. यापेक्षा जास्त पुढे असू नये. म्हणजे खरा वेग ४० असताना काटा ४० ते ४८ च्या दरम्यान, ८० असताना ८० ते ९२ च्या दरम्यान आणि १२० असताना १२० ते १३६ च्या दरम्यान चालतो. उलट दिशेने पाहिल्यास, काटा १२० दाखवीत असेल तर खरा वेग १०५.५ ते १२० यांत कोठेही असू शकतो. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या नमुना तपासणीत ४ ऐवजी ६ कि.मी. ची सवलत आहे.

हा नियम एकतर्फी आहे. प्रत्येक मापनयंत्रात काही अनिश्चितता असतेच आणि टायर नवा असताना, हवा पूर्ण भरलेली असताना व ऊन तापलेले असतानाही काटा खऱ्याच्या खाली जाऊ नये, यासाठी उत्पादक तो हेतुतः थोडा पुढे ठेवतात. याउलट अमेरिकेत व्यापारी मालवाहू व प्रवासी वाहनांसाठीचा नियम ताशी ५० मैल वेगास अधिक किंवा उणे ५ मैल अशी दुतर्फा सूट देतो. तेथे काटा कमी दाखविण्यासही मुभा आहे.

एकतर्फी नियमातून एक अनपेक्षित सवय जन्मास येते. 'काटा नेहमी पाच-सात जास्तच दाखवतो' हे ऐकीव ज्ञान घेऊन चालक मर्यादेच्या वर तेवढा वेग मनातल्या मनात वाढवून घेतो. त्याच्या वाहनाचा टायर मोठा असेल तर ही बेरीज दुहेरी होते. सुरक्षेसाठी ठेवलेला अवकाश अशा रीतीने खर्ची पडतो. आपल्याच मोटारीची त्रुटी किती, हे मोजून पाहिल्याशिवाय अशी वजाबाकी करणे अशास्त्रीय होय.

कायद्यातील स्थान : दोन मापनयंत्रे

केंद्र शासनाच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारीसाठी कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गावर १२०, चौपदरी मार्गावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० अशी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ मध्ये अतिवेगासाठी शिक्षा आहे. याच कलमात एक महत्त्वाचे संरक्षणही आहे. केवळ एका साक्षीदाराच्या मते वाहन वेगात होते एवढ्यावर कोणास दोषी ठरविता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. कायद्याने येथे माणसाच्या अंदाजापेक्षा मापनास प्राधान्य दिले आहे.

मापनावर शिक्षा अवलंबून असेल तर मापनयंत्राची शुद्धता ओघानेच आली. २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७अ नुसार वाहतूक देखरेखीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांस अचूकतेविषयीचे प्रमाणपत्र आवश्यक असून त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांच्या पडताळणीचे नियम वैध मापनशास्त्राच्या चौकटीत अधिसूचित केले. किराणा दुकानातील तराजू आणि रिक्षाचे मीटर ज्या न्यायाने तपासले जातात, तोच न्याय आता स्पीडगनलाही लागू होत आहे.

चालकासमोरील वेगमापकाची स्थिती वेगळी आहे. परिवहन वाहनांच्या योग्यता तपासणीत वेगमापकाचा समावेश आहे. परंतु खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि त्या काळात तिच्या वेगमापकाची कोणतीही सक्तीची तपासणी होत नाही. या १५ वर्षांत तीन-चार वेळा टायर बदलले जातात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून व १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना बंधनकारक झाली. तथापि ही सूचनाही त्याच स्पंदांवर आणि त्याच गृहीत परीघावर अवलंबून असते. दंड आकारणारे यंत्र दरवर्षी तपासले जाते, परंतु दंड टाळण्यासाठी आणि जीव वाचविण्यासाठी ज्यावर विसंबायचे ते यंत्र कोणी तपासत नाही, अशी ही विषम स्थिती आहे.

पडताळणीची सोपी पद्धत

वेगमापकाची प्रयोगशाळेतील तपासणी रोलरवर चाके फिरवून केली जाते. परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस करता येईल अशी पडताळणी केवळ घड्याळ आणि किलोमीटरचे दगड यांच्या साह्यानेही होऊ शकते. मोजणी सहप्रवाशाने करावी, चालकाने नव्हे, ही पहिली अट. रस्ता सरळ व मोकळा असावा आणि वेग मर्यादेच्या आत ठेवावा.

काटा एका वेगावर स्थिर ठेवून पाच किलोमीटर पार करण्यास लागलेले सेकंद मोजावेत. १८,००० या संख्येस त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटरमध्ये खरा वेग मिळतो. उदाहरणार्थ, काटा ६० वर ठेवून ३१५ सेकंद लागले तर खरा वेग ५७.१ आहे. काटा १०० वर ठेवून १८९ सेकंद लागले तर तो ९५.२ आहे. घड्याळ दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी दुसऱ्या मोजणीत ती पाव टक्क्याहून किंचितच अधिक भरते. एकच किलोमीटर मोजल्यास हीच चूक पाचपट होते. शिवाय रस्त्याच्या रुंदीकरणात एखादा दगड सरकलेला असू शकतो. म्हणून अंतर मोठे घ्यावे आणि मोजणी दोन्ही दिशांनी करावी.

दोन वेगांना केलेल्या मोजणीतून त्रुटीचे कारणही ओळखता येते. वरील उदाहरणात दोन्ही वेळा काटा खऱ्या वेगाच्या ५ टक्के पुढे आहे. त्रुटी अशी प्रमाणात वाढत असेल तर कारण टायरच्या परीघात किंवा स्थिरांकात आहे. त्रुटी सर्व वेगांना सारखीच, समजा ४ कि.मी., असेल तर काट्याचे मूळ स्थान सरकलेले आहे. आलेखावर पहिल्या प्रकारात आरंभबिंदूतून जाणारी तिरकी रेषा मिळते आणि दुसऱ्या प्रकारात आरंभबिंदू टाळून जाणारी समांतर रेषा मिळते. रेषेचा चढ आणि छेद यांचा अर्थ शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे.

मोबाइलमधील जीपीएसचाही उपयोग होतो. उपग्रहाच्या संदेशातील डॉप्लर परिणामावरून वेग काढला जात असल्याने टायरच्या परीघाचा येथे संबंध येत नाही. मोकळ्या आकाशाखाली व स्थिर वेगात त्याचे वाचन विश्वसनीय असते. वेग बदलत असताना ते थोडे मागे राहते, आणि इगतपुरीजवळील सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यासारख्या ठिकाणी उपग्रहाचा संदेश पोचत नाही. म्हणून जीपीएसचा उपयोग वेगमापक तपासण्यासाठी करावा, त्याला पर्याय म्हणून करू नये.

अंशांकन म्हणजे ज्ञात प्रमाणाशी तुलना करून यंत्राची त्रुटी निश्चित करणे. दुरुस्ती ही त्यापुढची पायरी होय. यांत्रिक वेगमापकात केबल फिरविणारे दातेरी चाक बदलून दुरुस्ती होते. इलेक्ट्रॉनिक रचनेत स्थिरांक बदलावा लागतो व ते काम उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात करून घ्यावे. बहुतेकांसाठी मात्र उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच टायर वापरणे आणि आपल्या काट्याची त्रुटी माहीत असणे एवढेही पुरेसे आहे.

निष्कर्ष व सूचना

१) वेगमापक फेरे मोजतो, वेग मोजत नाही. त्याची विश्वसनीयता टायरच्या परीघावर अवलंबून असते.

२) मूळ स्थितीतील काटा खऱ्या वेगापेक्षा किंचित पुढे असणे हा दोष नसून मानकाने घालून दिलेला सुरक्षेचा अवकाश आहे. चालकाने तो खर्ची घालू नये.

३) मूळ मापापेक्षा मोठा टायर बसविल्यास हा अवकाश नाहीसा होऊन काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो. टायर विक्रेत्याने व्यासातील फरक ग्राहकास सांगणे आवश्यक ठरावे.

४) खासगी मोटारीच्या वेगमापकाची तपासणी दरवर्षीच्या प्रदूषण तपासणीसारखी अल्प खर्चात उपलब्ध होणे इष्ट आहे.

५) भौतिकशास्त्र, गणित व संख्याशास्त्र विभागांनी एकत्रितपणे परिसरातील वाहनांच्या वेगमापकांची पडताळणी हा विद्यार्थी प्रकल्प म्हणून हाती घ्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रस्ता सुरक्षा उपक्रमात घोषवाक्यांबरोबर हा प्रयोगही समाविष्ट करता येईल. त्यातून विद्यार्थ्यांना मापनातील त्रुटीचा अर्थ कळेल आणि ज्या पालकाची मोटार तपासली जाईल, त्याला आपल्या वाहनाचा खरा वेग प्रथमच ज्ञात होईल.